वीतभर अलीकडे

पावलांचे ठसे पिंजऱ्याच्या दारापासून वीतभर अलीकडे थांबले होते. पुढच्या पायांचे ठसे मागच्यांपेक्षा खोल होते, म्हणजे कोल्हा तिथे बराच वेळ पुढे झुकून उभा राहिला असावा. आतली मासळी जशीच्या तशी होती. तिला आता मुंग्या लागल्या होत्या. मग तो वळला होता आणि, घाई न करता, वाळूच्या टेकडीमागे निघून गेला होता.

टेकडीमागे किनारा-उद्यानाच्या अधिकाऱ्याचं घर होतं. अधिकारी ती स्वतःच होती.

ती ठशांमागून चालू लागली. ते कुठे जाणार हे तिला माहीत होतं, तरी ती खालीच बघत राहिली. कुंपणापाशी ठशांच्या शेजारी काठीच्या टोकाचे गोल खळगे सुरू झाले.

सकाळी जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला होता. बेशुद्ध करायची बंदूक घेऊन ते दोनदा येऊन बसले, पण कोल्ह्याने तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं, की जो कोल्हा भरदिवसा पर्यटकांच्या तंबूंपाशी येतो, लहान मुलीच्या हातातला पाव ओढताना तिचं बोट फाडतो आणि वर तिथेच उभा राहतो, त्याला कुणीतरी हाताने भरवत आलेलं आहे.

“तो मासळीला भुलायचा नाही,” ते म्हणाले होते. “कुणाच्या तरी हाकेला येत असणार. कोण ते शोधा.”

तिने ‘बघते’ म्हणून फोन ठेवला होता. गेला आठवडाभर ती बघतच होती.

बाबा मागच्या अंगणातल्या बाकावर, काठी शेजारी टेकवून, बसले होते. त्यांच्या डोक्यावर पाटी होती: प्राण्यांना खाऊ घालू नये. पाटी तिनेच लावलेली, मजकूरही तिचाच. बाबांचा जन्म शिवणकामात गेला होता. बिस्किटाचे तुकडेसुद्धा ते कापड बेतावं तसे एकसारखे करत होते.

आई गेल्यावर ते इथे राहायला आले आणि कित्येक महिने हो-नाहीपलीकडे बोलले नाहीत. जेवायला बसवलं की जेवायचे, उठवलं की उठायचे. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात तिला त्यांचा आवाज ऐकू आला. ते कुणाला तरी सांगत होते, की बाबा रे, कापड तर उत्तमच आहे तुझं, पण अस्तर त्याहून भारी लावलंय. तिने खिडकीतून पाहिलं. फाटक्या कानाचा एक कोल्हा त्यांच्या तळहातावरचं खात होता. तिने गॅस बारीक केला, आणि बाहेर गेली नाही. त्या दिवशी बाबांनी पानात दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पुढे त्यांनी त्याचं नाव साहेब ठेवलं. वेळेवर येतो, आभार न मानता जातो आणि कान फाटला तरी रुबाब सोडत नाही, म्हणून. हे सांगताना ते हसले होते. तीही हसली होती.

कोल्ह्याची काही चूक नव्हती. हातातलं घ्यायचं असतं, एवढंच त्याला इथे शिकवलं गेलं होतं. पण माणसाला चावलेला प्राणी उद्यानात ठेवता येत नव्हता, आणि दूर नेऊन सोडला तर तो तिथल्या कुणा लेकराच्या हाताशी जाणार होता. ठरवायचं तिलाच होतं. तिचं ते ठरवूनही झालं होतं. फक्त अजून तोंडातून निघत नव्हतं. परवा ती एकटीच पिंजऱ्यामागे बसली आणि बाबांसारखा आवाज काढून तिने हाक मारून पाहिली. झुडपात दोन कान वळले. पाय हलले नाहीत.

“साहेबांनी आज उशीर केला,” बाबा म्हणाले.

ती त्यांच्याशेजारी बसली. बाबांनी मांडीवर सांडलेला चुरा बोटाने गोळा केला.

“त्या पोरीचं बोट कसं आहे?”

त्यांना यातलं काही माहीत नाही, असं ती धरून चालली होती.

“टाके पडलेत. इंजेक्शनं चालू आहेत. आता हातात धरून काही खातच नाही म्हणे. आई भरवते.”

बाबांनी मान हलवली. आपल्या खोलीच्या खिडकीतून पिंजरा दिसतो, असं ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, की शिवण इतकी ढोबळ आहे त्याची, कुठलाही शहाणा त्यात शिरायचा नाही. या वेळी दोघांपैकी कुणी हसलं नाही.

टेकडीच्या कडेला आधी फाटका कान दिसला. तिला पाहून कोल्हा जागीच थांबला. बाबांनी, नेहमी म्हणत असावेत तसं, हळूच ‘या साहेब’ म्हटलं, आणि तो आला. तळहातावरचा तुकडा त्याने नुसत्या ओठांनी उचलला. दात लागू दिला नाही.

शेवटचा तुकडा संपल्यावर बाबांनी रिकामा तळहात उघडून त्याला दाखवला, तसा तो वळून निघून गेला. हात मात्र बराच वेळ तसाच उघडा राहिला.

“बाबा,” ती म्हणाली, “त्याला मारावं लागणार आहे. दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नाही. उद्या पिंजऱ्यामागे तुम्ही बसा. मी शेजारी असेन. हाक तुम्ही मारा.”