भुंग्याशी बोल

डॉक्टर वेदनाशामक इंजेक्शन देऊन गेले. "आता हलवू नका त्याला. घरातच शांतपणे जाऊ दे," एवढंच म्हणाले.

पडवीत गोणपाटावर पडलेला म्हातारा कुत्रा भुंग्या पाण्याला तोंड लावत नव्हता, पण फाटक वाजलं की मान उचलू बघायचा. "आपल्या निनादची वाट बघतोय तो," शालिनीताई नवऱ्याला म्हणाल्या. "लावा ना फोन."

मुलाने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून विनायकरावांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. ते बराच वेळ कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी नंबर लावला. "भुंग्या चाललाय. बोल त्याच्याशी," म्हणाले आणि फोन त्याच्या कानाशी धरला.

"काय रे लबाडा?" पलीकडून हाक आली. भुंग्याची शेपटी एकदाच जमिनीवर आपटली. निनाद बोलत राहिला, समुद्रावर लावलेल्या शर्यतींचं, पळवलेल्या चपलांचं. मध्येच कधीतरी भुंग्याचा श्वास थांबला, तरी विनायकरावांनी फोन काढला नाही.

"बाबा... गेला का तो?"

विनायकरावांना हुंदका आवरेना. "सूनबाईला घेऊन निघ," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही येईपर्यंत त्याला माती देत नाही."