दुसऱ्या मुलखातलं पेव

पाहुण्याच्या पुढ्यातला चहा निवून गेला, तरी दत्तरावांनी त्याच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पेडगावात फ्रान्सचा माणूस आला म्हणून दारात निम्मी गल्ली गोळा झाली होती. दत्तरावांना त्याचं अप्रूप नव्हतं. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, आणि तेवढ्यासाठी ते वर्षभर दम धरून बसले होते.

मार्सेल नावाचा हा म्हातारा दत्तरावांच्या लेकाचा, सिद्धोधनचा मालक. द्राक्षांचा मळा त्याचा, वाइनचं तळघर त्याचं, आणि सिद्धोधन ज्या हौदात गुदमरून गेला तो हौदही त्याचाच. येताना त्याने एक बाटली आणली होती, सिद्धोधनच्या हातच्या शेवटच्या वाइनची. ती ठेवायची कुठे, हा सिद्धोधनच्या आईपुढे, सुलाबाईंपुढे पेच पडला. दारूचा थेंब कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवता येईना, आणि लेकाच्या हातची वस्तू भुईवर ठेवायला जीव होईना. शेवटी त्यांनी ती शिलाई मशीनवर ठेवली.

म्हातारा मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होता आणि मानवतच्या शाळेत शिकवणारी लेक धम्मशीला ते मराठीत सांगत होती. मळा अडीचशे वर्षांचा. पणजोबाच्या काळात मुळं खाणारी कीड आली आणि बघता बघता सगळ्या वेली वाळल्या. मग परमुलखातले खुंट आणून त्यांच्यावर आपल्या वेलींची कलमं बांधली, तेव्हा कुठे मळा पुन्हा उभा राहिला. ही गोष्ट सिद्धोधनला फार आवडायची. कामावर कुणी नवं माणूस आलं की तोच ती रंगवून सांगायचा.

"मळ्याचं ऱ्हाऊ दे," दत्तराव म्हणाले. "हौदाचं इचार."

हौदाचं त्यांना थोडं ठाऊक होतं. "बाबा, हितंबी पेव हाय," असं सिद्धोधनच एकदा फोनवर हसत म्हणाला होता. जमिनीत खोल बांधलेला, वरून तोंड असलेला हौद. त्यात द्राक्षाचा रस आंबायचा. रस काढून घेतला की तळाला सालींचा चोथा उरायचा, आणि तो उपसायला माणसाला आत उतरावं लागायचं. आंबताना निघालेला वायू आत कोंडून राहतो. म्हणून आधी मेणबत्ती खाली सोडायची. ती विझली, तर कुणी उतरायचं नाही.

दत्तरावांना पेव काय ते सांगायला नको होतं. जमिनीच्या पोटात साठवलेली ज्वारी, आणि तोंड उघडल्यावर वर येणारी ती कोंदट वाफ. त्यांचे वडील पाटलाच्या पेवातच गेले. खाली सोडलेला कंदील विझलेला दिसत होता, तरी पाटील म्हणाला होता, "उतर." पेवात पहिलं कोण उतरणार हे गावात कधी विचारावं लागत नसे, ती पाळी नेहमी महारवाड्याची. पाटलाचा तो शब्द दत्तरावांनी लहानपणी आपल्या कानांनी ऐकला होता.

पोरगं शिकलं, समुद्र ओलांडून गेलं, तरी शेवटी तिथंही कुणीतरी त्याला "उतर" म्हणालंच असणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. जेवण सुटलं, झोप उडाली, हा राग तेवढा हलला नाही. त्यालाच टेकून ते उभे होते म्हणा ना. लेक गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"इचार त्यास्नी," ते म्हणाले. "माज्या पोराला कुनी उतरवलं?"

धम्मशीलाने विचारलं. म्हातारा बराच वेळ बोलत राहिला.

"कुनीच न्हाई म्हणतेत, बाबा. हौदावरचा सायेब सिद्धूच होता. मेणबत्ती विझलेली त्यानंच पाहिली आन सगळ्यांना मागं सारलं. जवळ जायचं न्हाई, असं मालकालाबी बजावून सांगितलं त्यानं."

"मग?"

"एकानं ऐकलं न्हाई. वाकून बघायला गेला, भोवळ आली, आत पडला. सिद्धू दोर घेऊन खाली गेला. त्याला बांधलं. वरच्यांनी वढून काढलं. दोर परत खाली सोडला, तर धरायला..."

"पडलं कोन होतं?"

धम्मशीलाने तेही विचारलं. म्हाताऱ्याने नुसता आपल्या छातीवर हात ठेवला.

आता दत्तरावांनी त्याच्याकडे पाहिलं. वाळलेली मान, श्वासागणिक खालीवर होणारा सदरा. वर्षभर जपून ठेवलेल्या शिव्या त्यांनी आठवून पाहिल्या, पण एकही ओठावर येईना. वडील गेल्यावर पाटलाने घरी ज्वारी पाठवली होती, तो स्वतः काही आला नाही. हा एवढ्या लांबून आला, आणि त्याने काही लपवलं नाही. पोराला कुणी हुकूम केला नव्हता. हुकूम पोराचा होता, मोडला मालकाने. छाती भरून यावी अशी गोष्ट होती ती, आणि छातीत तर नुसता खड्डा पडत चालला होता.

"सिद्धूची माय," त्यांनी हाक मारली. "आता म्या राग कुनावर धरू?"

सुलाबाई मशीनपाशी उभ्या होत्या. त्या आल्या, नवऱ्याच्या पायाशी भुईवर बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कुनावर न्हाई," त्या म्हणाल्या. "आता रडा."