वेळेत पोचलं

"सर, तुमचं पार्सल वेळेत पोचलंय," डेनिटा तिसऱ्यांदा म्हणाली. "मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. हे बघा, हिरवं."

मेम्फिसच्या त्या औषधांच्या गोदामात हिरव्या रंगाला देवाचा मान होता. शंभरातली अठ्ठ्याण्णव पार्सलं हिरवी झाली की शुक्रवारी सगळ्यांना बार्बेक्यू मिळे.

समोर हार्लन टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "पोरी, खोकं बुधवारी सकाळी आलं. मीच उचललं. तोवर माझी बायको गेली होती."

डेनिटाचा हात कीबोर्डवरून खाली आला.

"ल्युसिलचं फिट्सचं औषध होतं ते. मी नॅशव्हिलला मुलीकडे होतो. घरून ल्युसिलचा फोन आला, पोचल्याचा मेसेज आलाय, पण दारात काहीच नाही. मी म्हणालो, मेसेज आलाय म्हणजे आलंच असणार, नीट शोध. बिचारी संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांची दारं वाजवत फिरली. औषधाच्या दुकानात जा, एवढं म्हणायला हवं होतं मी."

डेनिटानं खुर्ची पुढे ओढली. दरवाजाकडे एकदा बघून ती म्हणाली, "खरं सांगू? गाडी वस्तीच्या हद्दीत शिरली की यंत्र आपोआप 'पोचलं' म्हणून टाकतं. मग उरलेली खोकी ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी टाकतात. आकडे झकास दिसतात. इथे सगळ्यांना माहितीये, तोंड कुणी उघडत नाही."

"हा हद्दीचा नियम..." हार्लन पुढे झुकले. "अलीकडे कुणी बदलला का? हद्द वाढवली असेल? नवा कुणी साहेब आला असेल?"

म्हाताऱ्याला कोर्टात जायचंय, नाव हवंय, हे डेनिटाच्या ध्यानात आलं. नोकरी गेली तर गेली. तिनं नियमाचा कागद छापून त्यांच्या हातात दिला.

"नाही सर. मी यायच्या आधीपासूनचा आहे. नऊ वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही. ज्यानं केला त्याची सही आहे खाली. खेचा मेल्याला कोर्टात! सोडू नका."

हार्लननी कागद न वाचताच घडी घालून खिशात ठेवला. "थोडा तरी बदलला असेल असं वाटलं होतं," एवढं बोलून ते उठले. जाताना त्यांनी तिचे आभार मानले.

डेनिटानं लगेच तक्रारीचा अर्ज भरायला घेतला. तक्रार करणारा: हार्लन प्रूइट. तक्रार कुणाविरुद्ध, हे भरायला तिनं पडद्यावर नियमाखालची, तेव्हाच्या गोदाम-साहेबांची सही शोधली, आणि दुसऱ्या रकान्यातही तेच नाव लिहिलं.