मले

लकव्यानं भैय्याजींची वाचा गेली, हातपाय गेले. उरली फक्त मान. ती वळेल तसा समोरच्या स्क्रीनवरचा बाण फिरतो आणि ज्या अक्षरावर थांबतो ते उमटतं.

मनीषनगरच्या घरासमोर गाडी उभी होती. पुण्याहून आलेल्या अश्विननं वडिलांची बॅगही भरली होती.

"बाबा, पुण्याला येताय ना? मनातलं लिहा."

भैय्याजींनी इथल्या, आपल्या बोलीतलं 'मले' लिहिलं. कॉम्प्युटरनं लगेच त्याचं 'मला' केलं. त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा 'मला'. मानेच्या शिरा ताठल्या, घाम डोळ्यांत उतरला.

"बरोबर आलंय बाबा, पुढचं लिहा!"

त्यांनी परत पुसलं, परत 'मले' लिहिलं.

"बघ दीक्षा, जमत नाहीये त्यांना. मी घेऊन जातो." बहिणीला सांगत अश्विननं व्हीलचेअरचा ब्रेक काढला.

भैय्याजींनी थरथरत्या मानेनं बाण 'मला' या दुरुस्तीशेजारच्या, ती नाकारायच्या फुलीवर नेला. स्क्रीनवर 'मले' तसंच राहिलं. त्यापुढं त्यांनी एकही अक्षर लिहिलं नाही.

दीक्षानं ब्रेक परत लावला.

"दादा, झालं त्यांचं लिहून. बाबा कुठी नाही जाऊन राहिले."