फोटोतली टेकडी

धारच्या देवश्रीला फोटोतलं गाव ओळखायचा नाद होता. ऑनलाइन ग्रुपवर लोक फोटो टाकत. ती पाट्या, खांब बघून जागा सांगे. एकदा एकानं गच्चीवर उभ्या बाईचा फोटो पाठवला. "बहीण घर सोडून गेलीय. कुठे आहे?" मागे रोपवेची टेकडी होती, कोपऱ्यात पिठाच्या चक्कीची पाटी. तिनं देवास शहर ओळखलं, नकाशावर गल्लीही सापडली. पण सख्ख्या भावाला बहिणीनं पत्ता का दिला नसेल? देवश्रीनं उत्तर पाठवलं नाही. बसनं स्वतःच देवास गाठलं, गल्लीत ती गच्ची शोधून दार वाजवलं. फोटोतल्या बाईनंच दार उघडलं. "भाऊ शोधताहेत तुम्हाला," देवश्री म्हणाली. बाई पांढरीफटक पडली. "मला भाऊच नाही, दीदी. नवरा आहे तो." देवश्रीनं तिच्यासमोरच त्याला कळवलं, "जागा ओळखता येत नाही." लगेच उत्तर आलं, "बरं. दुसऱ्यांनाही विचारलंय." ते वाचून बाईनं दोरीवरचे ओले कपडे पिशवीत भरायला घेतले.