तळ्यावर उतरलेली बदकं

गोलंदाजानं तिसरा बार काढला, तरी थवा खालीच येत राहिला.

कारखान्यात त्याला सगळे गोलंदाजच म्हणत. सांडपाण्याच्या तळ्याकाठी गॅसवर चालणारी तोफ होती. तिच्यात गोळा नाही, नुसता आवाज. पाखरांना तळ्यावर बसू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. कॅन्टीनमध्ये कुणीतरी हटकून विचारायचं, "काय गोलंदाज, आज किती विकेट?" तो बोटांचा शून्य करून दाखवायचा. त्याच्या खेळात विकेट न पडणं म्हणजेच जिंकणं होतं.

आज पहाटेपासून धुकं दाटलं होतं. रानबदकं लांबून आली असावीत, थकली असावीत. धुक्याच्या फटीतून त्यांना खाली फक्त चकाकतं पाणी दिसलं असेल. त्यानं आणखी बार काढले, भोंगा वाजवला, शेवटी पत्र्याचा डबा बडवत काठाकाठानं धावत सुटला. "हाड्! हाड्! अरे, नका रे बाबांनो!" त्याचा घसा बसला. मग धुक्यात छप् झालं. पुन्हा छप्. मग एकामागून एक. तो होता तिथेच थांबला. डबा हातातच राहिला.

तळ्यावर तेलाची काळी साय होती. बदकांनी उडायला पंख उचलू पाहिले. ते अंगाला चिकटून बसले होते.

त्याचा मेहुणा होडी घेऊन आला. तो तळ्यावरचा सुपरवायझर. ही नोकरीही त्यानंच लावून दिलेली.

"भाऊजी, बसा. दिवसपाळी यायच्या आत सगळी उचलायचीत. वरून फोन आलाय."

"जिवंत आहेत रे अजून."

"किती वेळ? नुसतं अंगाला लागून मरत नाहीत ती. चोचीनं पिसं साफ करत बसतात आणि तळ्यातलं सगळं पोटात घेतात."

मेहुणा जाळीनं बदकं उचलून पोत्यात टाकू लागला. वर बघायचं नाही, असं ठरवल्यासारखा तो भराभर हात चालवत होता. पोतं आतून हलायचं. मग हलायचं थांबायचं.

पाइपाच्या तोंडाशी एक मादी तरंगत होती. मान ताठ, डोळे लख्ख. बाकी अंगाचा पार चिखल झालेला, आणि ती छातीवरचं एकेक पीस चोचीत धरून नीटनेटकं करत होती. गोलंदाजानं वाकून तिला दोन्ही हातांनी उचललं, मांडीवर घेतलं आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवून तिची चोच मुठीत मिटून धरली.

"हे काय?"

"घरी नेतो. तुझी ताई धुवेल. कोमट पाणी, भांड्यांचा साबण."

"गेटवर पिशव्या उघडून बघतात, भाऊजी. बाहेर एक पीस जरी दिसलं, तर तुमची नोकरी जाईल आणि माझीही. ताईला मी काय तोंड दाखवू?"

"तू वल्हं मार."

मेहुण्यानं वल्हं उचललं नाही. पोत्याचं तोंड उघडून त्यानं ते पुढे धरलं. "सोडा. खुळ्यासारखं करू नका. असं किती वेळ धरून बसणार?"

"सोडली तर साफ करेल स्वतःला," गोलंदाज म्हणाला.

मेहुण्यानं मुठीतल्या त्या चोचीकडे बघितलं. मग त्यानं पोतं खाली ठेवलं आणि होडी वळवली. कारखान्याच्या शेडकडे नाही, पलीकडच्या काठाकडे.

"तिकडं कुंपणाची तार तुटलीय," तो दुसरीकडेच बघत म्हणाला. "झाडीतून रस्त्याला लागाल. मी काही बघितलेलं नाही."

गोलंदाजानं मान हलवली. त्यानं सदऱ्याची बटणं काढून तिला पोटाशी घेतलं. ती धडपडली नाही. काठ जवळ येत होता, वल्ह्याखाली जाड पाणी डुचमळत होतं. तिची चोच त्याच्या मुठीत घट्ट मिटलेली होती.

आणि करंगळीखाली तिचा गळा हलला. थांबला. पुन्हा हलला. ती गिळत होती.