मैनाच्या गल्लीत

वरून दोरी हलली, टोपली अर्ध्यावर आली आणि तिथंच थांबली.

"कोण आहे?" पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून आनंदीबाईंनी विचारलं.

मैनानं हातगाडीवरचा भोंगा पटकन बंद केला. त्यात तिच्या सुनेचा, विजयमालाचा आवाज भरलेला होता. 'ताजी भाजी घ्या, स्वच्छ भाजी घ्या' हे ती इतकं गोड आणि इतकं कोरडं म्हणायची, की बँकेतून फोन आलाय असं वाटावं. पण भोंग्यावाचून इलाज नव्हता. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं त्यात मैनाचा आवाज गेला. गेला म्हणजे सगळाच गेला, कुजबुजसुद्धा उरली नाही. आता गळ्याला भोक होतं, श्वास तिथून, आणि त्यावर पांढरा रुमाल. आठ महिन्यांनी आज पहिल्यांदा ती कर्वेनगरच्या या गल्लीत गाडी घेऊन आली होती.

घरी आताशा तिला कुणी हाक मारत नसे. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं धरून सगळे तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलत. गल्लीतल्या बायकांनी सकाळी रुमालाकडं बघून च्च च्च केलं आणि पालक न घेताच आत गेल्या. त्यांचं असो. आनंदीबाईंच्या डोळ्यांना दहा वर्षांपासून दिसत नव्हतं, त्यांना रुमाल दिसणार नव्हता. त्यांच्यापुढं तरी आपण पूर्वीचीच मैना असू, याच भरवशावर ती शिवणे गावापासून गाडी ढकलत आली होती. दिसत नाही त्या बाईला आपण फक्त ऐकू येत होतो, ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात आलीच नव्हती.

तिनं तराजूचं वजन गाडीच्या पत्र्यावर आपटलं.

"अहो, कोण आहे म्हणून विचारतेय. तोंडात गुळणी धरलीय का?"

मैनानं टाचा उंचावून टोपली खाली ओढली. चाकवताची जुडी तिनं घरूनच बांधून आणली होती. आनंदीबाईंना निवडताना त्रास नको म्हणून मुळं काढायची, देठ एका लांबीचे करायचे आणि वरून केळीच्या सोपटाचे दोन वेढे द्यायचे. दुसऱ्या कुणासाठी ती एवढा उपद्व्याप करत नसे. जुडी टोपलीत ठेवून तिनं दोरीला हिसका दिला.

टोपली वर गेली. आनंदीबाईंनी जुडी हातात घेतली, देठांवरून बोटं फिरवली, सोपटाचे वेढे चाचपले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. खाली मैनाला हुंदका आला. ओळखलं, म्हातारीनं ओळखलं.

"बांधलीय तर अगदी तिच्यासारखी," आनंदीबाई म्हणाल्या. "आमची मैना अशी बांधते. तिच्याकडूनच उचललंत ना हे?"

मैना जोरजोरात मान हलवत राहिली. मग आपण कुणासाठी मान हलवतोय हे लक्षात येऊन थांबली.

"बोलू नका, नाही तर नाही. पण तिच्या गल्लीत गाडी लावताना तिला विचारलं होतंत का? चांगली बाई, दुखण्यानं पडलीय. ती उठेपर्यंत तरी दम धरायचा." टोपली जुडीसकट खाली येऊ लागली. "लेक मॉलमधून ती प्लास्टिकात गुंडाळलेली भाजी आणतो, आठ महिने तीच खातेय मी. दारावरची घेईन ती मैनाकडूनच."

मैनानं इमारतीचं फाटक ढकललं. वर जायचं, त्यांचा हात धरायचा, तो आपल्या तोंडावरून फिरवायचा. फाटक करकरलं.

"वर यायचं नाही!" आनंदीबाई घाबरून ओरडल्या. "अनोळखी माणसाला मी दार उघडत नसते. फोन लावीन लेकाला."

मैना फाटकात उभी राहिली. एवढ्याशा चालण्यानंच तिला धाप लागली होती आणि रुमाल आतबाहेर होत होता. आपल्याला कुणी घाबरावं असं तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. ती मागे फिरली आणि गाडीचा दांडा धरून उभी राहिली.

म्हातारीला बहुधा आपल्या ओरडण्याची लाज वाटली. ती जरा नरमाईनं म्हणाली, "रागावू नका. तुमचंही पोट आहे. पण ते यंत्र नका लावू, त्याला काही हाक म्हणत नाहीत. मैनाची हाक ऐकलीयत कधी? थांबा."

आनंदीबाईंनी कठडा धरला, घसा खाकरला आणि ऐंशी वर्षांच्या बारीक, चिरक्या आवाजात हाक दिली:

"शेऽऽऽपू घ्या गंऽऽ शेऽऽऽपू, मेथी, चाकवत!"

मैनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आठ महिन्यांत ही हाक तिनं ऐकली नव्हती. आणि बाहेरून तर आयुष्यात कधीच नाही.

पण म्हातारी चुकली होती. शेपूवर असं रेंगाळायचं नसतं. शेपू एका झटक्यात टाकून द्यायचा, मेथीवर आवाज जरा खाली आणायचा आणि सगळा दम राखायचा तो चाकवतासाठी. तीस वर्षं हाक देताना मैनाला हे माहीत नव्हतं. आज कळलं, आणि ते दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

तिनं छाती भरून श्वास घेतला, मान वर केली आणि तोंड उघडून बरोबर हाक दिली. शेपू झटक्यात, मेथी खालून, चाकवत लांबवर. रुमाल फुगला, थरथरला आणि खाली बसला.

"आहात की गेलात, बाई?" आनंदीबाईंनी वरून विचारलं.